बाबूराव अर्नाळकर : एका रहस्यकथाकाराचे चरित्र आणि वाङ्मयेतिहासाचा प्रश्न

मराठी रहस्यकथेचा विषय निघाला की बाबूराव अर्नाळकर हे नाव ओघानेच येते. मात्र हे नाव जितके परिचित आहे, तितका या लेखकाचा अभ्यास झालेला नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात त्यांचा उल्लेख झालाच तर ‘रंजनपर वाङ्मय’ या सदरात एखाद्या वाक्यापुरता होतो. प्रस्तुत लेखात अर्नाळकरांच्या जीवनाचा आणि लेखनाचा आलेख मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्या अनुषंगाने, हजारांच्या संख्येत पुस्तके लिहून वाचकांच्या पिढ्या घडविणाऱ्या लेखकाला वाङ्मयेतिहासात कोणते स्थान द्यावयाचे, हा प्रश्नही विचारात घेतला आहे.

बाबूराव अर्नाळकर हे टोपणनाव. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अर्नाळा हे वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव, समोरच्या बेटावरील जलदुर्गामुळे इतिहासाला ठाऊक असलेले. या गावाच्या नावावरून घडलेले आडनाव चव्हाणांनी लेखनासाठी धारण केले आणि पुढे तेच त्यांची ओळख ठरले. त्यांचा जन्म १९०६ मधला. कापडगिरण्यांची, चाळींची, गोदीची आणि ट्रामची मुंबई हे त्यांच्या लेखनाचे कार्यक्षेत्र. त्यांच्या कथांतील रात्र, मोटारींचा पाठलाग, धनिकाचा बंगला, समुद्रकाठचा निर्जन रस्ता, या साऱ्यांमागे महानगर होऊ लागलेली ही मुंबई उभी आहे.

अर्नाळकरांच्या लेखनाचा प्रारंभ १९३० नंतरच्या दशकात झाला. मराठी कादंबरीच्या दृष्टीने हा काळ ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचा. कलेचे प्रयोजन कला की जीवन, या वादाने तत्कालीन समीक्षा व्यापलेली होती. अद्भुत आणि साहसपूर्ण कथानकांची परंपरा मराठीला नवी नव्हती. गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३-१९४१) यांच्यासारख्या लेखकांनी इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधारे असा वाचकवर्ग आधीच निर्माण केला होता. अर्नाळकरांनी या परंपरेतील ऐतिहासिक पोशाख उतरवला. भुयारे आणि गुप्त वाडे यांच्या जागी टेलिफोन, पिस्तूल, तिजोरी आणि पोलीसचौकी आली. कथानकांसाठी त्यांनीही इंग्रजी रहस्यकथांचा मुक्तपणे आधार घेतला. परंतु पात्रांची नावे, नातीगोती, घरातील रीतिरिवाज आणि बोलण्याची पद्धत मराठी राहील याची त्यांनी काळजी घेतली. त्यामुळे ही कथा परकी आहे असे वाचकाला वाटले नाही.

त्यांच्या लेखनाचे परिमाण थक्क करणारे आहे. १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १,०९२ रहस्यकथांची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथाने घेतली. हा आकडा प्रमाण मानला तर वर्षाला सरासरी बावीस-तेवीस पुस्तके, म्हणजे सुमारे सोळा दिवसांना एक पुस्तक, असे प्रमाण पडते. आणि तेही अखंड अठ्ठेचाळीस वर्षे. या गतीचा परिणाम लेखनाच्या रूपावर होणे अपरिहार्य होते. पुस्तके आटोपशीर, प्रकरणे लहान, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्कंठेचा धागा ताणलेला, वर्णन कमी आणि संवाद अधिक. दर वेळी नवे पात्र घडविण्यास अवधी नाही, म्हणून ठरलेले नायक पुन्हापुन्हा येतात. वाचकही लेखकापेक्षा नायकाच्या नावाने पुस्तक मागू लागतो. समीक्षेने ज्यांना दोष मानले ती ही वैशिष्ट्ये मालिका-लेखनाच्या व्यवहारातून आलेली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या नायकांत झुंजार आणि काळापहाड हे सर्वाधिक लोकप्रिय ठरले. झुंजार हा कायद्याच्या सीमारेषेवर वावरणारा साहसी पुरुष. दुर्जनांना लुटावे, दुबळ्यांना साहाय्य करावे आणि पोलिसांनाही चकवावे, ही त्याची रीत. पत्नी विजया आणि सहकारी नेताजी त्याच्या साहसांत सहभागी असतात. काळापहाडाच्या व्यक्तिरेखेत दुहेरी ओळखीचे आकर्षण आहे. याखेरीज धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही गुप्तहेरांची जोडी, तसेच भीमसेन यांसारखे नायक त्यांनी उभे केले. या सर्वांत एक समान सूत्र दिसते. न्याय मिळवून देण्यास प्रस्थापित यंत्रणा पुरी पडत नाही, म्हणून कोणीतरी एकट्याने बाहेर राहून तो मिळवावा, ही वाचकाची इच्छा येथे पूर्ण होते. पारतंत्र्यात सुरू झालेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही टिकलेल्या या लोकप्रियतेत सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासकाला पुष्कळ सामग्री मिळेल.

याच सुमारास अमेरिकेत रहस्यकथेने घेतलेले वळण तुलनेसाठी उपयुक्त आहे. डॅशिएल हॅमेट (१८९४-१९६१) हा स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला लेखक. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकातून तो पुढे आला. ‘द माल्टीज फाल्कन’ या त्याच्या १९३० मधील कादंबरीत सॅम स्पेड हा कठोर, अल्पभाषी आणि कोणावरही विश्वास न ठेवणारा खाजगी गुप्तहेर अवतरला. जॉन ह्यूस्टन याने १९४१ मध्ये या कादंबरीवर कृष्णधवल चित्रपट केला आणि हम्फ्री बोगार्टने स्पेडची भूमिका केली. रेमंड चँडलर (१८८८-१९५९) याच्या ‘द बिग स्लीप’ या कादंबरीवरील १९४६ च्या चित्रपटाच्या पटकथालेखकांत विल्यम फॉकनरचा समावेश होता. त्याच फॉकनरला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धोत्तर काळात फ्रेंच समीक्षकांनी अशा काळोख्या अमेरिकन चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले. स्वस्त मासिकातून निघालेली कथा कादंबरीत, तेथून चित्रपटात आणि अखेर विद्यापीठीय समीक्षेत पोहोचली. गंभीर आणि रंजनपर वाङ्मय यांमधील भिंतीला तेथे दारे पडली.

मराठीत हा प्रवास झाला नाही. ‘बाजी’ (१९५१) आणि ‘सी. आय. डी.’ (१९५६) या मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी चित्रपटांनी रात्रीच्या शहराचे, जुगारअड्ड्यांचे आणि छायाप्रकाशाचे जग पडद्यावर आणले. अर्नाळकरांच्या बहराचा काळही हाच. तथापि मराठी चित्रपटाने रहस्याची वाट धरली तेव्हा वेगळे क्षेत्र निवडले. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या गाजलेल्या कृष्णधवल चित्रपटाचे मूळ जयंत देवकुळे यांच्या कादंबरीत आहे. त्यातील गूढ घर, दाम्पत्य आणि न्यायालय यांच्याभोवती फिरते. ‘सी. आय. डी.’चे दिग्दर्शक राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट केला. रस्त्यावरचा एकाकी गुप्तहेर मराठीत मुख्यतः छापील पानांतच राहिला, आणि ती पाने अर्नाळकरांची होती.

हॅमेट आणि अर्नाळकर यांच्यातील मुख्य भेद भाषेचा आणि नीतिदृष्टीचा आहे. हॅमेटचे शहर भ्रष्ट आहे आणि त्याचा नायकही त्या भ्रष्टतेपासून अलिप्त नाही. अर्नाळकरांच्या जगात सज्जन आणि दुर्जन यांची विभागणी स्पष्ट असते आणि अखेरीस तोल सावरला जातो. त्यांची भाषा सोपी, शिष्टसंमत आणि अश्लीलतेपासून दूर राहणारी आहे. मध्यमवर्गीय घरात हे पुस्तक उघडपणे ठेवता यावे, याची ती हमी होती. तिची किंमतही मोजावी लागली. त्यांच्या मुंबईत गुन्हा आहे, परंतु गुन्ह्याला जन्म देणारी भूक, जात आणि वस्ती यांचे दर्शन अभावानेच घडते. ते घडविले बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहाने, भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) आणि नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२). अमेरिकेत रस्त्याच्या बोलीला वाङ्मयात आणण्याच्या कामी गुप्तहेरकथेचा मोठा वाटा होता. मराठीत ते कार्य दलित साहित्याने आणि महानगरी वास्तववादाने केले. अर्नाळकरांची मर्यादा येथे स्पष्ट होते. मात्र याच मर्यादेमुळे त्यांची कथा घराघरांत प्रवेश करू शकली, हेही मान्य करावे लागते.

मराठवाड्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूरचा परिसर हैदराबाद संस्थानात होता. शासनाची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मराठी शाळांचा विस्तार झाला आणि ज्यांच्या घरात छापील मराठी पुस्तक पूर्वी नव्हते अशी मुले वाचू लागली. अशा नवसाक्षर समाजात वाचनाची गोडी केवळ मान्यवर ग्रंथांनी लागते, असे समजणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. पुढचे पान उलटण्याची ओढ ही वाचनसंस्कृतीची पहिली पायरी असते. त्या पायरीवर रहस्यकथेने आपल्या भागात काय कार्य केले, हे आपल्या ग्रंथालयांच्या जुन्या नोंदींवरून तपासता येईल.

१९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. नंतरच्या वर्षांत रंजनाची साधने बदलत गेली आणि छोटेखानी रहस्यकथांचा व्यवहार आक्रसत गेला. दरम्यान गुरुनाथ नाईक यांच्यासारखे पुढच्या पिढीचे लेखक या क्षेत्रात आले होते आणि त्यांनीही विपुल लेखन केले. गिनीजची नोंद १९८४ पाशी थांबते. अर्नाळकरांचे निधन जुलै १९९६ मध्ये, वयाच्या नव्वदीत झाले. त्यांच्या हयातीत नवकथा आली, साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ आली, दलित आणि ग्रामीण साहित्याची चळवळ आली; समीक्षेची परिभाषा प्रत्येक वेळी बदलली. या प्रत्येक परिभाषेत अर्नाळकर बाहेरच राहिले. त्यांची काही पुस्तके पुढे पुनर्मुद्रित झाली. परंतु पुनर्मुद्रणामागे बहुधा स्मरणरंजन असते, आणि स्मरणरंजन हे मूल्यमापन नव्हे.

मूल्यमापनाची पहिली अट म्हणजे वाङ्मयसूची. हलक्या कागदावर छापलेली ही पुस्तके झिजली, फाटली, रद्दीत गेली. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड १९५० पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांचा आढावा घेतात, प्रारंभीच्या लेखनासाठी तेथून आरंभ करता येईल. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्यानुसार तयार झालेल्या प्रांतवार याद्या आणि १९५४ च्या कायद्याने ग्रंथालयांत जमा झालेल्या प्रती, हे पुढचे टप्पे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक वाचनालयांतील दाखल नोंदवह्या आणि देवघेवीच्या नोंदी हे तितकेच महत्त्वाचे साधन आहे. कोणते पुस्तक कोणत्या वर्षी आले, किती वेळा घरी गेले आणि केव्हा बाद झाले, हे त्यातून कळू शकते. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी लघुप्रबंधाच्या निमित्ताने हे काम वाटून घेऊ शकतील.

अशी सूची सिद्ध झाली म्हणजे अर्नाळकर श्रेष्ठ लेखक ठरतील, असा या लेखाचा दावा नाही. त्यांच्या पुष्कळ कथा आज वाचनीय ठरणार नाहीत आणि मूळ इंग्रजी कृतींशी तुलना करता त्यांचे ऋणही अधिक स्पष्ट होईल. परंतु वाङ्मयाचा इतिहास हा लेखकांचा असतो तसा वाचकांचाही असतो. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थाने आपले नाव बाजूला ठेवून जवळजवळ अर्धशतक मराठी वाचकाला रात्री जागविले. त्या वाचकाचा विचार न करता लिहिलेला विसाव्या शतकाचा मराठी वाङ्मयेतिहास अपुराच राहील. कपाटांतील उरलेल्या प्रती बाद होण्यापूर्वी हे काम हाती घेतले पाहिजे.