मामाचे नाव

ब्रिटनच्या पंतप्रधानांपैकी ज्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती असा एकच, डेव्हिड लॉइड जॉर्ज. पहिले महायुद्ध त्याच्या कारकिर्दीत जिंकले गेले, एवढे आपल्याला शाळेपासून माहीत असते. (भाटघरच्या धरणाला ज्याचे नाव दिले होते, तो मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज लॉइड निराळा.) वडिलांचे आडनाव मात्र नुसतेच जॉर्ज. लॉइड हे मामाचे.

जन्म १८६३ सालचा, मँचेस्टरचा. वडील विल्यम जॉर्ज शाळामास्तर. प्रकृती साथ देईना म्हणून ते वेल्समध्ये शेती करायला आले आणि १८६४ च्या जूनमध्ये न्यूमोनियाने गेले. दोन लेकरे पदरात, तिसरे पोटात. बेट्सीने माहेरी तार केली. भाऊ तडक आला आणि निरवानिरव करून बहिणीला मुलांसह आपल्या घरी, लॅनस्टमडुई या खेड्यात घेऊन गेला.

रिचर्ड लॉइड जोडे शिवत. लग्न केले नव्हते. रविवारी चॅपेलमध्ये धर्मोपदेश करीत, तोही एक पै न घेता. भाच्याला वकील करायचे ठरले तेव्हा परीक्षेला फ्रेंच लागणार होते आणि घरात कोणालाच ते येत नव्हते. चाळिशी उलटलेले मामा व्याकरण आणि शब्दकोश घेऊन बसले, भाच्याबरोबर स्वतःही शिकले. घरची शिल्लक फीपायी गेली. मी उभी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासले; इतके बिनतारणी कर्ज मंजूर करायची माझी छाती झाली नसती!

डेव्हिड १८८४ मध्ये वकील झाला आणि १८९० मध्ये अवघ्या १८ मतांनी पार्लमेंटात गेला. खासदाराला तेव्हा पगार नसे. मग लंडनचा खर्च? तो धाकट्या भावाने पेलला. वडिलांच्या माघारी जन्मलेला हा विल्यमही वकील झाला होता. पेढी तो राबवी, तिच्या मिळकतीवर थोरल्याचे राजकारण चाले. याची कुरकूर विल्यमने क्वचितच केली असेल असे म्हणवत नाही. पण हात आखडला नाही, हे खरे. खासदारांना वर्षाला ४०० पौंड सुरू झाले ते १९११ मध्ये, आणि तेव्हा अर्थमंत्री डेव्हिडच होता.

डिसेंबर १९१६ मध्ये भाचा पंतप्रधान झाला. मामांनी तेवढे पाहिले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये डोळे मिटले. लॉइड जॉर्ज १९४५ मध्ये वारला; त्याला त्याच खेड्यात, नदीकाठी पुरले. विल्यम १९६७ पर्यंत होता. तो १०१ वर्षे जगला.