रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे चवदार तळे, भारताची घटना आणि नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. मलाही तेवढेच ठाऊक होते. अर्थशास्त्र घेतल्यावर चलनाचा इतिहास वाचू लागलो आणि १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ हाती आला. तेव्हा कळले, की हा महापुरुष आधी आमच्याच विषयाचा विद्यार्थी होता.

आणि विद्यार्थिदशा तरी कसली! १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले सुभेदार रामजींचे हे चिरंजीव १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठविलेली त्यांची पुस्तके बोटीबरोबर समुद्रात बुडाली. बडोद्यात नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले.

तिथे त्यांनी विषय निवडला तो साक्षात साम्राज्याच्या तिजोरीचा! १८३५ पासून आपला रुपया चांदीचा होता. १८७३ च्या सुमारास जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोन्याची कास धरली आणि चांदीचा भाव घसरू लागला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ साली सव्वा शिलिंगावर आला. विलायतेला द्यावयाचा खर्च पौंडांत असल्याने सरकार हवालदिल झाले. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. नाणी पाडण्याचा अधिकार सरकारने मात्र स्वतःकडे ठेवला. पुढे दर एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. देशात चांदीचा रुपया आणि परदेशच्या देण्यापुरते ठरावीक दराने सोने, अशी ही सुवर्ण विनिमय पद्धती. केन्ससारख्या विद्वानाने १९१३ साली तिची भलावण केली होती.

बाबासाहेबांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले. परदेशाशी दर स्थिर राहिला म्हणजे रुपया सुरक्षित झाला असे नव्हे. देशातल्या बाजारात त्याला किती धान्य, किती कापड मिळते हे पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सरकारला वाटेल तितके रुपये पाडता आले तर भाव चढतात. मजुरी मात्र मागाहून, रखडत वाढते. व्यापाऱ्याचा नफा हा अशा वेळी मजुराच्या ताटातून काढलेला घास असतो. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करावी, रुपयांच्या संख्येला मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे चालू करावे, असा उपाय त्यांनी सुचविला.

प्रबंधातील कठोर टीका परीक्षकांना रुचली नाही आणि तो सुधारून पुन्हा सादर करावा लागला. भाषा बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना डी. एससी. पदवी मिळाली. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांना काही मते मान्य नव्हती. तरीही प्रस्तावना त्यांनीच लिहिली. गुरुशिष्यांचा हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

१९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथातूनच जन्मली, असे आपण अभिमानाने सांगतो. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाने केली आणि १९३५ साली बँक सुरूही झाली, हे खरे. पण त्यांच्या ग्रंथातला उपाय वेगळा होता आणि तो स्वीकारला गेला नाही. हे प्रांजळपणे सांगितल्याने त्यांची थोरवी तसूभरही उणी होत नाही.

कारण थोरवी उपायापेक्षा प्रश्नात आहे. सत्ता अमर्याद असली की तिचा भार शेवटी कोणावर पडतो, हे त्यांनी रुपयाच्या निमित्ताने विचारले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आजही महागाईचा आकडा वाचताना मला तो प्रश्न आठवतो. दर स्थिर आहे, ठीक. पण रोजंदारीवरच्या माणसाच्या पिशवीत आज किती धान्य पडले?