पुढच्या चाकाजवळचा डाग आणि ब्लेझ पास्कल

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या कारच्या पुढच्या चाकाखाली ओला डाग दिसला, की मला ब्लेझ पास्कल आठवतो. का, ते सांगतो.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला घरीच शिकवलं. ते करवसुलीचे अधिकारी होते. त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून पास्कलने १६४२ मध्ये, विशीच्या आतच, दातेरी चाकांचं गणकयंत्र करायला घेतलं. १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून बहिणीच्या नवऱ्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली. वर पाऱ्याची पातळी उतरली, म्हणजे उंचावर हवेचा दाब कमी असतो हे दिसलं. १६६२ मध्ये पॅरिसात ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्यातही तो होता. आपल्या टीएमटी-केडीएमटीच्या बसचा हा लांबचा पूर्वजच! त्याच वर्षी १९ ऑगस्टला, अवघ्या ३९ व्या वर्षी तो वारला.

द्रवांवरचा त्याचा ग्रंथ छापून आला तो १६६३ मध्ये, त्याच्या मागे. त्यातला नियम असा: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पायाचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत जातो तो असाच. पण द्रव बंदिस्त हवा. गळती झाली की दाब टिकत नाही.

म्हणून डाग ओळखायला शिका. रात्री चाकाजवळ कोरडा पुठ्ठा टाका आणि सकाळी बघा.

- रंग-वास नसलेलं पाणी: बहुतेक एसीचं, काळजी नको.
- हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं: कूलंट.
- काळपट तपकिरी: इंजिन ऑइल.
- फिकट पिवळसर, बुळबुळीत आणि टायरच्या आतल्या बाजूलाही ओल: ब्रेक ऑइलचा संशय घ्या. जुनं असेल तर रंग तपकिरीही दिसतो.

मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. ती खाली गेली असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर कार हलवू नका. नुसतं ऑइल भरून घोडबंदरचा घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. मेकॅनिकला पार्किंगमध्येच बोलवा, नाहीतर कार टो करून न्या.