नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१, करजगाव, जि. रत्नागिरी – ९ मे १९१९, मुंबई) हे मराठी कवी, कीर्तनकार आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. निसर्गकविता, बालकविता आणि गृहजीवनावरील कविता यांमुळे आधुनिक मराठी काव्याच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. मराठी ख्रिस्ती समाजात त्यांची ओळख प्रामुख्याने भजनकार म्हणून आहे. मंडळीच्या उपासनेत आलेला परकेपणा आणि मिशनच्या आश्रयामुळे आलेली निश्चिंतता यांविरुद्ध त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. १९१७ मध्ये साताऱ्यात स्थापन केलेला 'देवाचा दरबार' हा या कामाचा शेवटचा टप्पा होय. 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई यांना काव्याची आवड होती आणि मुलावर त्यांचा मोठा प्रभाव होता. आईच्या अकाली मृत्यूनंतर वडिलांशी न पटल्याने टिळकांनी लहान वयातच घर सोडले व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शालेय शिक्षण मात्र पूर्ण होऊ शकले नाही. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

पुढील काही वर्षे शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार अशी कामे करीत टिळक गावोगाव फिरले. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे धर्मविषयक मासिक चालविले. जातिभेदाने विस्कळीत झालेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न या काळात त्यांच्या मनात प्रबळ झाला.

धर्मांतर

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी भेट झाली. त्याने टिळकांना 'नवा करार' भेट दिला. वाचनाच्या ओघात ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले, तेव्हा आपल्या अनेक शंकांना उत्तर मिळाले असे त्यांना वाटले. दोन वर्षांच्या विचारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांनी संबंध तोडले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या आणि पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे परतल्या, त्यांनी सोवळे-ओवळे आणि जातिनिर्बंध क्रमाक्रमाने स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर आणि तेथील मंडळी

धर्मांतरानंतर टिळकांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कामास सुरुवात केली. या मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले होते आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्यांचे केंद्र सुरू झाले होते. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून अखेरपर्यंत संपादक होते.

टिळक ज्या मंडळीत आले ती आता नवीन राहिली नव्हती. पहिल्या पिढीतील धर्मांतरितांनी घरदार, जात आणि वतन यांना मुकून श्रद्धा स्वीकारली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांच्या काळात मिशनच्या मदतकार्याचा विस्तार झाला, मंडळ्यांची संख्या वाढली आणि महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि नोकरी या सर्वांचा आधार मिशन हाच होता. पाळकाचा पगारही बहुधा तेथूनच येई. शतकानुशतके वंचित राहिलेल्यांना या आधारामुळे शिक्षण व प्रतिष्ठा मिळाली. मात्र मंडळीचा खर्च, तिचे निर्णय आणि सुवार्तेचे काम ही जबाबदारी दुसऱ्याची आहे, अशी सवयही त्याबरोबर जडली. रविवारची उपासना नियमित चाले, पण तिच्यातील अनेक गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि त्यांच्या चाली पाश्चात्य होत्या.

टिळकांच्या मते या स्थितीचा दोष केवळ मंडळीकडे नव्हता. मिशनऱ्यांनी मायबापाची भूमिका घेतल्यामुळे मंडळी वयात येऊ शकली नाही, असे ते परखडपणे मांडीत. मिशनऱ्यांविषयी त्यांना वैयक्तिक जिव्हाळा होता, त्यामुळे या टीकेत वैरभाव नव्हता. ज्याने स्वतः काही सोडले नाही व काही दिले नाही, त्याची श्रद्धा उसनी राहते, हा त्यांच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा होता. भारतीय ख्रिस्ती मनुष्याने देशापासून आणि पूर्वजांच्या भाषेपासून तुटू नये, असाही त्यांचा आग्रह होता.

भजन आणि कीर्तन

नवजीवनासाठी टिळकांनी जे साधन निवडले ते महाराष्ट्राला परिचित होते. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पूर्वीच केला होता. टिळकांनी त्याला काव्याची उंची दिली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे धर्मांतरानंतरही संतवाङ्मयाचा त्यांनी त्याग केला नाही.

या परंपरेतून त्यांनी केवळ छंद घेतले नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या नामदेवांविषयी एक कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. विठ्ठलाच्या निकट सहवासात असूनही संतमेळ्यात गोरा कुंभारांनी त्यांना कच्चे मडके ठरविले आणि त्यानंतर त्यांनी त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांचे शिष्यत्व पत्करले, अशी ती कथा आहे. देवाशी असलेली जवळीक गृहीत धरणाऱ्या भक्ताला पुन्हा शिष्य व्हावे लागते, हा भक्तिपरंपरेतील विचार टिळकांच्या भजनांतही आढळतो. त्यांच्या भजनांतील भक्त सहसा स्वतःच्या अपुरेपणाविषयी बोलतो. तो ख्रिस्ताला गुरू, माउली आणि सखा मानतो. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. ती गाण्यासाठी पेटी आणि टाळ पुरेसे होत आणि अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही ती पाठ होत.

मंडळीबाहेरील मराठी साहित्याशीही टिळकांचा संबंध घनिष्ठ होता. 'वनवासी फूल' व 'सुशीला' या त्यांच्या दीर्घकविता प्रसिद्ध आहेत. बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी कुटुंबीयांप्रमाणे राहिले होते. ख्रिस्ताच्या जीवनावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले, परंतु त्याचे प्रारंभीचे काही अध्यायच ते लिहू शकले. पुढील बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला.

देवाचा दरबार

मंडळीच्या परावलंबनाविषयी लिहिणारे टिळक स्वतः दोन दशकांहून अधिक काळ मिशनच्या सेवेत होते. ही विसंगती त्यांना जाणवत होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी वेतनावर अवलंबून न राहण्याचा निश्चय केला. १९१७ मध्ये ते मिशनच्या सेवेतून मुक्त झाले, त्यांनी ख्रिस्ती संन्यासाचे व्रत घेतले आणि सातारा येथे वास्तव्य केले. मिशनशी त्यांचे संबंध तुटले नाहीत आणि 'ज्ञानोदय'चे कामही त्यांच्याकडेच राहिले. वेतनाचा आधार सुटल्याने संसाराची काळजी मात्र मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' ही संकल्पना मांडली. नवा पंथ किंवा नवी चर्च काढणे हा तिचा हेतू नव्हता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते बंधुमंडळ होते आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. शिष्यत्वाची कसोटी जीवन व सेवा ही असावी, केवळ मंडळीच्या नोंदवहीतील नाव नव्हे, हा त्यामागील विचार होता. त्यामुळे दोन्ही बाजूंना प्रश्न पडला. बाप्तिस्म्याचे महत्त्व यामुळे कमी होते, अशी शंका ख्रिस्ती समाजात घेतली जाऊ शकत होती. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना तर आपला समाज न सोडता ख्रिस्तभक्ती कितपत आचरता येईल, हे ठरवावे लागणार होते.

मृत्यू आणि वारसा

या प्रयोगाला दोन वर्षांचाही अवधी मिळाला नाही. आजारपणामुळे टिळकांना मुंबईला आणण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा असताना त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले.

संस्थापकाच्या मृत्यूनंतर 'देवाचा दरबार' संस्थारूपाने टिकला नाही. परंतु त्यामागील प्रेरणा इतरत्र दिसून येते. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये भारतीय राहणी स्वीकारणारा ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. लक्ष्मीबाईंनी पतीनंतर कीर्तने केली आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मधून टिळकांचे गुण आणि लहरी स्वभाव या दोहोंचे निःसंकोच चित्रण केले. मिशनवरील आर्थिक अवलंबन टिळकांच्या हयातीत संपले नाही. उपासनेची भाषा मात्र बदलली. विविध पंथांच्या मराठी मंडळ्यांत त्यांची भजने आजही गायिली जातात.