तुकोबांच्या पुलावरून गेलेला कवी

नारायण वामन टिळक हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असते. फुलामुलांचे कवी. ते पुढे ख्रिस्ती झाले, रेव्हरंड झाले, एवढे सांगून माणसे गप्प बसतात. पण आपल्या अभंगाने हा माणूस कुठवर नेला आणि त्याने तो कुठवर नेला, हे वारकऱ्याने जाणून घेण्याजोगे आहे.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला, चित्पावन ब्राह्मणाच्या घरचा. संस्कृताचा व्यासंग दांडगा, स्वभाव मात्र वाऱ्यासारखा. एका ठिकाणी पाय ठरायचा नाही. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, कवितेच्या निघाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराचे पुस्तक हातात ठेवले. टिळकांना ते फारसे रुचले नव्हते; पण वाचीन असा शब्द दिला होता, तो पाळला. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. ना व्यासपीठ, ना वादविवाद! तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना कधीच कळले नाही. ख्रिस्ती लोक आपला विश्वास दुसऱ्याला सांगणे हे रोजच्या जगण्यातले कर्तव्य मानतात. ते असेही होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, पोर कडेवर. त्या माउलीवर काय प्रसंग गुदरला, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचावे म्हणजे कळेल. जगाला प्रेम सांगायला निघालेल्या माणसाने घरचे माणूस असे उघड्यावर टाकावे, हे मनाला पटत नाही, आणि पटवून घेण्याचे कारणही नाही. ताटातुटीतला काही काळ बाईंनी बहिणीच्या घरी पंढरपुरात काढला. म्हणजे विठोबाच्याच गावात!

पुढे नवरा-बायको नगरकडे पुन्हा एकत्र आली. तेव्हाही बाईंचे सोवळे कडक. चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी धर्म बदल म्हणून बळजबरी केली नाही. वर्षे गेली. एके दिवशी बाईंनीच मनाशी विचार केला, की जातिभेद हा माणसानेच केलेला, देवाने नव्हे. आणि कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. व्याख्यानांनी झाले नसते ते एका घरात नांदण्याने झाले, असे मला तरी वाटते.

टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आणि ते नुसते बोलणे नव्हते. मराठी ख्रिस्ती मंडळीत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते असत. टिळकांनी अभंग दिले, भजने दिली, टाळमृदंग दिले. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून होते. त्यांनी त्याला नवे बळ दिले. खेड्यातल्या माणसाला परक्या बोलीत देव सांगून काय उपयोग, हे त्यांना नेमके कळले होते. आपल्या संतांनी संस्कृत बाजूला ठेवले ते याच कारणाने की नाही?

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा भेद नव्हता. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही आत यावा. हे मिशनमधल्या कित्येकांना रुचले नाही. ते साहजिकच. दारात नोंदवही ठेवणाऱ्यांना उघडे दार कधी आवडले आहे! पण दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले.

ओवीत लिहायला घेतलेले ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर राहिले होते. एके काळी ज्यांनी त्यांच्या हातचे पाणी नाकारले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले.