सेनानायक क्विन्लन

पॅट क्विन्लन यांचा जन्म आयर्लंडमधील केरी परगण्यात १९१९ साली झाला. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते आफ्रिकेतील काँगो देशात गेले. त्या वेळी कटांगा प्रांत काँगोपासून फुटून निघाला होता. तेथील जादोव्हील या खाणींच्या गावी, रहिवाशांच्या रक्षणासाठी, त्यांची सुमारे दीडशे सैनिकांची तुकडी पाठविण्यात आली.

गावाचा रागरंग ओळखून क्विन्लन यांनी सैनिकांना खंदक खणावयास लावले. १३ सप्टेंबर रोजी सकाळी पुष्कळसे सैनिक प्रार्थनेत असताना कटांगाच्या सैन्याने हल्ला केला. शत्रू संख्येने कितीतरी पट होता आणि त्याचे विमान वरून बाँब टाकीत होते. पाच दिवस तुकडी झुंजली. मदतीस निघालेले सैन्य लुफिरा नदीच्या पुलाशीच अडले. हेलिकॉप्टरने पाणी आले खरे, पण डबे पूर्वी पेट्रोलचे! ते पाणी कोणास पिववेना. दारूगोळाही सरत आला. आणखी लढणे म्हणजे तरुण सोबत्यांचे व्यर्थ बळी देणे होते. क्विन्लन यांनी शस्त्रे खाली ठेविली. पाच जण जखमी झाले होते. मृत्यू मात्र एकाचाही झाला नव्हता.

सुमारे महिनाभराच्या कैदेनंतर सारे सुखरूप मायदेशी परतले. तेथे त्यांच्या झुंजीचे कौतुक झाले नाही. शरणागतीचाच तेवढा बोभाटा झाला. क्विन्लन यांनी आपल्या सैनिकांसाठी शौर्यपदकांची शिफारस केली. एकही पदक मिळाले नाही. १९९७ साली ते निवर्तले.

पुढे २००५ साली ॲथलोनच्या छावणीत या तुकडीची स्मृतिशिला उभी राहिली आणि २०१७ साली सर्वांना पदके देण्यात आली. तोवर अनेक सैनिक हयात नव्हते. त्यांची पदके त्यांच्या कुटुंबीयांनी स्वीकारली.