विश्लेषण : बंदुकीला ‘सायलेन्सर’ बसवणारा मॅक्झिम कोण होता? नळीवर घट्ट बसलेला सायलेन्सर निघत का नाही?

बापाने मशीनगन शोधली, मुलाने बंदुकीचा आवाज दाबला. मॅक्झिम घराण्याची ही गोष्ट शस्त्रांच्या इतिहासात अजब म्हणावी अशीच. मोटारसायकलच्या सायलेन्सरचे तत्त्वही तेच आहे.

बाप-लेकाचे काय झाले?

हायरम पर्सी मॅक्झिमचा जन्म १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. तो १२ वर्षांचा असताना वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम युरोपात गेले. पत्नी आणि मुले अमेरिकेतच राहिली. लंडनमध्ये वडिलांनी मशीनगन बनवली, नाव आणि पैसा कमावला, पण तिच्या धडधडाटाने उतारवयात कान गमावले. मुलगा मात्र १७ व्या वर्षी ‘एमआयटी’तून बाहेर पडला आणि पुढे हार्टफर्डमध्ये मोटारी बनवू लागला.

सायलेन्सर काम कसे करतो?

गोळीमागून येणारा तप्त, दाबाखालचा वायू नळीतून एकदम सुटतो, तोच धमाका. मॅक्झिमने नळीच्या तोंडाशी आडव्या पडद्यांचे नळकांडे जोडले. वायू त्यात फिरतो, थंडावतो आणि हळू बाहेर पडतो. १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. चित्रपटात दाखवतात तशी ‘फुस्स’ शांतता मात्र मिळत नाही; ध्वनीपेक्षा वेगवान गोळी हवेत स्वतःचा कडाका करतेच.

मग तो अडकतो का?

जो वायू अडवायचा, तोच काजळी मागे ठेवतो. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेल्या भागात ती शिरते, उष्णतेने कडक होते आणि जोड जाम होतो. ओलाव्याने गंज चढला तर आणखी पंचाईत. अशा वेळी पान्याने जोर लावणे सर्वांत वाईट, कारण आटे मरतात किंवा नळीवर ओरखडे येतात. जाणकार कारागीर आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करतो. मग जोडात गंज सोडवणारे तेल सोडून बराच वेळ थांबतो. बंदुकीचा दस्ता किंवा मधला भाग नव्हे, तर नळीच मऊ आवरण लावून शिकंज्यात पकडतो, म्हणजे पीळ इतरत्र जात नाही. तरीही हलेना, तर बाहेरच्या भागाला बेताची ऊब देतो, पण तेल पुसून. नवा बसवताना आटे स्वच्छ करणे हा खरा उपाय. तिरका बसला तर गोळी थेट पडद्यावर आदळते.

मॅक्झिमने पुढे काय केले?

१९१४ मध्ये हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला त्याचा रेडिओ संदेश थेट पोहोचेना. मधल्या एका हौशी रेडिओवाल्याने तो पुढे पाठवला. त्यातूनच क्लॅरेन्स टस्काबरोबर त्याने ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ उभारली. कंपनीचा भर इंजिनांच्या सायलेन्सरकडे गेला. १९३४ मध्ये अमेरिकेने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर लावला. तो मालाच्या किमतीहून कितीतरी जास्त होता. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, ६६ व्या वर्षी, मॅक्झिमचे निधन झाले. त्याच वर्षी वडिलांच्या आठवणींचे त्याचे पुस्तक आले; सोडून गेलेल्या बापाबद्दल त्यात कडवटपणापेक्षा गंमतच जास्त आहे. त्याची ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’ ही रेडिओ खूण लीगच्या न्यूइंग्टन येथील केंद्रावरून आजही प्रसारित होते.